इजेचा पुरावा

दिल्लीहून आलेल्या अर्जात विचारलंय:
इजा झाली का?
झाली असल्यास तीन वर्षांची, तिमाहीवार.

टेबलाखाली मी चप्पल काढते.
उद्यमबागेतल्या आमच्या शेडमध्ये दुपारी अडीचला
फरशीसुद्धा भट्टीच्या बाजूची असते.
लुमाण्णा सायनेकर हात पुढं करतो,
'ही बघ की बाई इजा. लिव.'
अंगठ्यापासून मनगटापर्यंत चकाकतं कातडं,
अठ्ठ्याण्णव साली रसाची बादली कलंडली तेव्हाचं.

ही नव्हे, काका.
यांना हवी ती भाव पडल्याची, माल पडून राहिल्याची,
तीन पाळ्यांची एक झाल्याची.
कातड्याला रकाना नाही.

गोष्ट तशी एवढीच:
सहा इंची व्हॉल्व्हचं आमचं ओतीव अंग,
घासून, रंगवून, एकशे अठरा रुपये किलो.
समुद्रापलीकडनं तेच येतं ब्याण्णवला,
बोटीचं भाडं धरून.
आणि तिथल्या कारखान्याचा मालक कोण, तर सरकार.
तोटा आला की तेच परत पानात वाढतं.
बेळगुंदकर शेठ चष्मा पुसत म्हणाले,
'ब्याण्णवला मला ओतायलाच परवडत नाही गं,
वाळू नि माणसं फुकट धरली तरी.'

लहानपणी बाबा जत्रेतल्या कुस्त्यांना न्यायचे.
त्यांच्या खांद्यावरून दिसायचं:
पंच पोरांचे दंड चाचपायचे, कान बघायचे,
मग म्हणायचे, होय, ही जोड बरोबर.
एका वर्षी एक जोड पंचांनी लावलीच नाही.
वजन सारखं, उंची सारखी,
पण एकाचा खुराक शिजायचा दुसऱ्याच्या चुलीवर.
हा हरला तरी उद्या याला बदाम आहेत,
म्हणाले पंच, आणि तो हरला तर उद्या
वीटभट्टीवर.
लोकांनी आरडाओरडा केला. फेटे उडाले.
पंच हलगीवाल्याजवळ जाऊन बसले.

अर्जाचा तिसरा भाग:
आपणांस कुठल्या सरकारी संस्थेकडून
बाजारभावापेक्षा स्वस्तात काही मिळते का?

पेन थांबतं.
निम्मं कच्चं बीड येतं सरकारी कारखान्यातून,
बाजारापेक्षा चार रुपये खाली.
ही जागा नव्याण्णव वर्षांच्या भाड्याची,
वर्षाचं भाडं मी एका दुपारच्या चहात देऊ शकते.
आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक पाणी मंडळ,
अकरा महिने बिल थकवलेलं,
पण ऑर्डर आम्हालाच, कारण आम्ही इथले.
(इथले म्हणजे कुठले, हे विचारायचं नसतं
बेळगावात, चहा संपेपर्यंत तरी.)

स्टोअरमधून शिवलिंग हुक्केरी डोकावतो,
माझ्या खांद्यावरून वाचतो, हळूच म्हणतो,
'बरीब्याड्री अक्का.'
लिहू नका, म्हणतोय तो.
माझ्या मराठी कानाला ऐकू येतं, बरी ब्याद.

दोन्ही खरंच आहे.

शेठ फोनवर आहेत. वकील म्हणतो,
प्रश्न त्यांच्या चुलीचा आहे, आपल्या नव्हे.
त्याच्याही वर पंच आहेत म्हणे, परदेशात,
आणि त्या बाकावर सध्या
कुणी बसत नाही.
बाबा असते तर पहिल्यांदा विचारलं असतं:
पंच कुठल्या गावचा?

पाच वाजता भोंगा होतो, एकुलत्या पाळीचा.
लुमाण्णा हात धुऊन परत येतो,
'विंग्रजीत काय म्हणतात गं त्येला, इजेला?'
इंजुरी, काका.
'मग त्येच आहे की.
माज्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर
त्येच लिवलं होतं डाक्टरनं.'

तिसऱ्या भागात मी लिहिते: होय, चार रुपये.
शेठ खोडतील कदाचित.
कागदावर काळी वाळू बसलीये,
फुंकर मारते. आकडे जागेवरच राहतात,
वाळू माझ्या बाहीवर.